ग्रामपंचायतीचा दाखला हातात आहे, म्हणून मालकीतली झाडं तोडता येतात का?

एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वडिलांच्या पश्चात मुळशी तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या साडेअकरा एकर जमिनीवर त्यांचं, धाकट्या भावाचं आणि दोन चुलतभावांचं नाव लागलं आहे. जमीन उताराची, दाट झाडीची. एका चुलतभावाने व्यापारी आणला आहे आणि तो सगळ्या उभ्या झाडांचे उक्ते पैसे द्यायला तयार आहे. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखलाही मिळाला आहे. ताई कोथरूडला राहतात. त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत: हा दाखला पुरेसा आहे का, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे जावं लागेल का, आणि मुळात हे करावं का.

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण घरात घाई चाललेली दिसते. दाखला पुरेसा नाही. त्याच्या भरवशावर कुऱ्हाड लावू देऊ नका आणि इसाराची रक्कम घेऊ नका. इसार घेतला की व्यापारी दुसऱ्या दिवशी माणसं चढवतो. मग तुम्ही कागद शोधत बसता आणि तिकडे झाडं आडवी झालेली असतात.

मी वन खात्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक पुणे जिल्ह्याच्या घाटाकडच्या बाजूला. मुळशी, वेल्हे, भोर, मावळ इथली मालकी प्रकरणं, म्हणजे खाजगी जमिनीवरच्या झाडतोडीचे अर्ज, माझ्या टेबलावरून बरीच गेली. निवृत्तीनंतर पुण्यात राहून लोकांचे कागद पाहून देतो. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

ग्रामपंचायतीचा अधिकार नेमका कुठवर, हे लोकांना कुणी नीट सांगत नाही. गावच्या रस्त्याकडेची आणि पंचायतीच्या ताब्यातल्या जागेवरची झाडं हा पंचायतीचा विषय. झाडं लावणं, जपणं ही तिची कामं ग्रामपंचायत कायद्याच्या अनुसूचीत आहेत. पण तुमच्या सातबारावरचं झाड तोडायची परवानगी देणं तिच्या हातात नाही. तो अधिकार ‘महाराष्ट्र झाडे तोडणे (नियमन) अधिनियम, १९६४’ या कायद्याने वृक्ष अधिकाऱ्याला दिला आहे, आणि आपल्या भागात त्यासाठी वनपरिक्षेत्र कार्यालयाची पायरी चढावी लागते. सरपंच आणि ग्रामसेवकांनी दिलेल्या कागदाचा अर्थ एवढाच की पंचायतीची तक्रार नाही. तो अर्जाला जोडता येतो, अर्जाची जागा घेत नाही. व्यापाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. तरीही तो आधी हाच दाखला काढून आणतो, कारण गोल शिक्का दिसला की घरातली माणसं निर्धास्त होतात.

महापालिकेचं म्हणाल, तर तुमच्या या जमिनीशी तिचा संबंध नाही. शहरांसाठी कायदा वेगळा आहे, १९७५ चा, नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या संरक्षणाचा. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका, तसंच तळेगाव दाभाडे, लोणावळा, भोर, सासवड यांसारख्या नगरपरिषदा त्याखाली येतात. तुमच्याच तालुक्यातली सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक ही गावं ३० जून २०२१ ला पुणे महापालिकेत आली. त्या दिवसापासून तिथल्या झाडांना शहराचा कायदा लागू झाला, मग शेजारी अजून भातखाचर का असेना. अशा गावांत जमीन असेल तर अर्ज महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे. शहरी कायद्यात झाडावर नोटीस लावावी लागते, वर्तमानपत्रात जाहीर करावं लागतं, लोकांच्या हरकती ऐकाव्या लागतात. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांच्या झाडाला हेरिटेज वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायची अट आणली.

इथे मनातली एक गोष्ट सांगतो. कोथरूडच्या सोसायटीतलं एक गुलमोहर काढायचं तर त्याच्या खोडावर कागद चिकटतो आणि येणारा-जाणारा तो वाचतो. मुळशीत अख्खा उतार मोकळा व्हायचा असतो, तेव्हा गावाला कळतं ते पहिला ट्रक खाली उतरताना. ज्या ग्रामपंचायतीला डोंगर रोज दिसतो तिच्याकडे अधिकार नाही. ज्याच्याकडे अधिकार आहे तो अधिकारी चाळीस-पन्नास गावं सांभाळतो. हे मला नोकरीत असतानाही चुकीचं वाटायचं आणि आजही वाटतं. याबद्दल शेवटी पुन्हा लिहितो, कारण त्यात तुम्हाला करता येण्यासारखं काहीतरी आहे.

आता खरा प्रश्न. लोक विचारतात, ‘कुठली झाडं तोडता येतात?’ मी आधी विचारतो, ‘जमीन कुठली आहे?’ सातबारा काढा, पण आजचा एक उतारा काढून थांबू नका. सगळे फेरफार मागे मागे नेत १९५० च्या आसपासपर्यंत काढा. हे जुने कागद तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळतात. ‘इतर हक्क’ या रकान्यात तीन गोष्टी शोधा: ‘वन कायदा कलम ३५(३)’, ‘खाजगी वन’, किंवा ‘महाराष्ट्र शासन वन विभाग’. यांपैकी एक जरी दिसली, अगदी कंसात, पुसट किंवा नंतर खोडलेली, तरी झाडाला हात लावायचा नाही.

त्यामागचा इतिहास माहीत असलेला बरा. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातल्या कलम ३५ खाली खाजगी जंगलांच्या मालकांना नोटिसा काढल्या जायच्या. पन्नाशी-साठीच्या दशकात सह्याद्रीच्या पट्ट्यात अशा नोटिसा मोठ्या संख्येने निघाल्या. मग ‘महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, १९७५’ आला आणि ३० ऑगस्ट १९७५ या एका दिवशी त्या कायद्यातल्या व्याख्येत बसणारी सगळी खाजगी वनं सरकारजमा झाली. मालकाची सही नको, स्वतंत्र ताबापावती नको, कायद्यानेच मालकी बदलली. पुढे कलम २२-अ आलं. संपादनानंतर ज्याच्याकडे एकूण बारा हेक्टरपेक्षा कमी जमीन उरत होती, त्याला बारा हेक्टर भरतील इतकी परत द्यायची तरतूद झाली. म्हणून मुळशी-वेल्ह्यात आजही तीन तऱ्हेची कुटुंबं भेटतात. कुणाची जमीन गेली आणि त्यांना ते कळलंही. कुणाची गेली, पण सातबारावर नाव तसंच राहिलं, म्हणून अजून आपलीच समजतात. कुणाला परत मिळाली, पण तो आदेश घरात कुणाकडे नाही.

जमीन खरोखर खाजगी वन होती की नव्हती, याची चौकशी त्याच कायद्याच्या कलम ६ खाली जिल्हाधिकारी करतात. न्यायालयातही यावर बरंच झालं. ३० जानेवारी २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने गोदरेज आणि बॉईस कंपनीच्या मुंबईतल्या जमिनीच्या खटल्यात निकाल दिला. १९५७ साली एक नोटीस काढायची आणि पुढे अनेक दशकं काहीच करायचं नाही, एवढ्यावरून जमीन खाजगी वन ठरत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. या निकालाने कितीतरी मालकांना दिलासा मिळाला. पण ताई, त्याचा अर्थ ‘आपल्याही नोंदीला काही किंमत नाही’ असा कुणी सांगितला तर मानू नका. तो निकाल तुमच्या प्रकरणाला लागतो का, हे ठरवायला वकील, चौकशी आणि आदेश लागतो. आदेश हातात येईपर्यंत नोंद ही नोंदच.

आणि नोंद अजिबात नसली तरी दुसरा एक दरवाजा आहे. गोदावर्मन नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यातल्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शब्दकोशातल्या अर्थाने जे जंगल आहे ते जंगलच, मालकी कुणाचीही असो, आणि मंजूर कार्य आयोजनेखेरीज, म्हणजे वन व्यवस्थापनाच्या मंजूर आराखड्याखेरीज, जंगलातली तोड थांबवावी. २०२३ साली वन संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं की आता खाजगी झाडी सुटली. पण १९ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशात न्यायालयाने १९९६ चा अर्थ तूर्त कायम ठेवायला सांगितलं. साडेअकरा एकर दाट नैसर्गिक झाडी म्हणजे बांधावरचे चार आंबे नव्हेत. तपासणीला येणाऱ्या माणसाने ‘जमीन वनसदृश आहे’ असं पंचनाम्यात लिहिलं, तर पुढचा सगळा रस्ताच बदलतो.

हे सगळं तपासून जमीन स्वच्छ निघाली असं धरू. मग १९६४ चा कायदा आणि त्याची अनुसूची. त्यात सोळा जाती आहेत: साग, चंदन, खैर, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, ऐन, किंजळ, बिबळा, हळदू, तिवस, अंजन आणि खाडीकाठचं तिवर. यांतलं एकही झाड, मग ते तुमच्या आजोबांनी लावलेलं असलं तरी, परवानगीशिवाय तोडता येत नाही. आपल्या भागात या यादीवरून एक घोळ नेहमी होतो. मुळशीच्या रानात ‘अंजनी’ भरपूर आहे, निळ्या-जांभळ्या फुलांची. यादीतलं ‘अंजन’ हे वेगळं, कोरड्या मुलखातलं झाड. अर्जात लोक अंजनीला अंजन लिहितात किंवा उलट करतात, आणि पुढे मालाची जात कागदाशी जुळली नाही की सगळं अडतं. जात लिहिताना गावातल्या जाणत्या माणसाला बरोबर घ्या. आमच्या काळात एका कातकरी बाबांना मी मुद्दाम बोलावून घ्यायचो. पान न बघता, नुसत्या सालीवरून ते झाड ओळखायचे.

बेहडा, नाणा, कुंभा ही झाडं या यादीत नाहीत. व्यापारी नेमकं हेच सांगून सगळा उतार साफ करायला निघतो. पण यादीत नसणं म्हणजे मोकळीक नव्हे. जमिनीचा दर्जा काय, हा प्रश्न उरतोच आणि वाहतुकीचा पासही उरतो. खाजगी जमिनीवरच्या बांबूचं मात्र वेगळं आहे. २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून काढला. सुबाभूळ, निलगिरी अशा लावलेल्या झाडांना वाहतुकीत सवलती आहेत. तुमच्या उतारावर यांपैकी काही असेल असं वर्णनावरून वाटत नाही.

अर्जाची कागदपत्रं फार नाहीत: सातबारा, आठ-अ, गटाचा नकाशा, झाडांची जातवार यादी घेरासकट आणि सगळ्या सहहिस्सेदारांची संमती. ‘सगळ्या’ या शब्दाखाली रेघ मारा. तुमच्यात वाटप झालेलं नाही, म्हणजे प्रत्येक झाडात चौघांचाही हिस्सा आहे. एका भावाने केलेला सौदा बाकी तिघांना बांधत नाही. पण तोड झाल्यावर नोटीस येते ती सातबारावरच्या चारही नावांना. कोथरूडला राहून काही ठाऊक नसलेल्या बहिणींना मी चौकशीला पौडला, तालुक्याच्या ठिकाणी, हेलपाटे घालताना पाहिलं आहे.

आता मोजणी. या एका गोष्टीवर मी कितीही बोलू शकतो, कारण मालकी प्रकरणातला बहुतेक घोटाळा हद्दीवर होतो. तुमच्या जमिनीची एक बाजू वन खात्याच्या जंगलाला लागून असण्याची शक्यता मोठी आहे. घाटाकडच्या गावांत हे नेहमीचंच. परवानगी मिळते तुमच्या गटातल्या समजा दोनशे झाडांची. प्रत्यक्षात व्यापारी तुमच्या गटातली दीडशे तोडतो आणि पलीकडच्या सरकारी जंगलातली पन्नास सरळसोट झाडं त्यात मिसळतो. कागद तुमच्या नावाचा. वेल्ह्याच्या बाजूला एका प्रकरणात मी असं पाहिलं आहे. म्हातारे खातेदार, मोजणी कधी झालेली नाही, हद्द म्हणजे ‘त्या ओहोळापासून त्या दगडापर्यंत’. ओहोळ होते दोन. व्यापाऱ्याने लांबचा धरला. खुंट मोजायला गेलो तेव्हा बत्तीस खुंट वनहद्दीत निघाले. व्यापारी गायब झाला आणि म्हातारबाबा तीन वर्षं तारखांना जात राहिले. त्यांनी स्वतः एक फांदीही तोडली नव्हती. म्हणून भूमी अभिलेख कार्यालयाची शासकीय मोजणी आधी, वन खात्याच्या माणसासमोर हद्दीच्या खुणा कायम, आणि मगच झाडांवर क्रमांक. क्रमांक दोन ठिकाणी घालतात: छातीच्या उंचीवर आणि बुंध्याशी, अगदी जमिनीलगत. वरचा लाकडाबरोबर जातो, खालचा खुंटावर राहतो. पुढे ताळा घ्यायचा तो याच खालच्या खुणेवरून. व्यापारी म्हणाला की बुंध्याला कशाला, तर समजून घ्या.

वाहतुकीचं थोडक्यात. तोड झाल्यावर लाकडाचे तुकडे मोजून त्यावर हातोड्याची निशाणी पडते आणि वाहतूक परवाना मिळतो. लाकडाच्या वाहतुकीवर नियंत्रण ठेवायचा अधिकार १९२७ च्या वन अधिनियमातल्या कलम ४१ मधून येतो आणि आपल्याकडची पद्धत महाराष्ट्र वन नियम, २०१४ मध्ये आहे. डिसेंबर २०२३ पासून देशपातळीवर ऑनलाइन पासाची व्यवस्थाही आली आहे. पासाविना निघालेला ट्रक नाक्यावर अडला तर माल आणि गाडी दोन्ही जप्त होतात. १९६४ च्या कायद्यातल्या दंडाला व्यापारी कधी घाबरलेला मी पाहिला नाही. मूळ कायद्यातली रक्कम हजार रुपयांपर्यंतचीच होती. गाडी जाण्याला मात्र तो घाबरतो.

इतर तालुक्यांतल्या वाचकांसाठी दोन ओळी. खातेदार आदिवासी असेल तर १९६९ चा आदिवासी खातेदारांच्या झाडविक्रीचा स्वतंत्र कायदा लागतो आणि जिल्हाधिकाऱ्यांशिवाय विक्री होत नाही. तो कायदा व्यापाऱ्यांच्या लुबाडणुकीतूनच जन्मला आहे, त्याला अडथळा समजू नका. आणि खेड-आंबेगावकडे भीमाशंकर अभयारण्याच्या संवेदनशील क्षेत्रात गाव येत असेल, तर खाजगी जमिनीवरच्या तोडीलाही तिथल्या अधिसूचनेची अट पाहावी लागते. ‘पीएमआरडीए’ची, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची, हद्द आहे म्हणून झाडतोडीची परवानगी त्यांच्याकडे, हा समज चुकीचा. त्यांचा विषय बांधकाम आणि भूखंडांचे आराखडे.

आता पैसे. तुम्ही रक्कम लिहिलेली नाही, बरं केलंत. पण सौदा उक्ता आहे एवढं पुरे. उक्ता सौदा म्हणजे माल न मोजता विकणं. एक उदाहरण करून बघा. एका ऐनाचं सरळ खोड चार मीटर, मधला घेर १२० सेंटिमीटर. बाजारात घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. ०.३ गुणिले ०.३ गुणिले ४, म्हणजे ०.३६ घनमीटर, जवळपास पावणेतेरा घनफूट. खोड गोल धरून खरा हिशोब केला तर ०.४६ घनमीटर भरतं. म्हणजे मापाच्या पद्धतीतच एक पंचमांशाहून जास्त लाकूड साल आणि घटीच्या नावावर वजा झालं. ही पद्धत जुनी आहे, सगळीकडे मान्य आहे, तिच्यावर माझा आक्षेप नाही. आक्षेप असा की पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये लाकूड घनफुटावर विकलं जातं आणि तुमच्या उतारावर तेच लाकूड ‘जळाऊ’ म्हणून टनावर किंवा सरसकट घेतलं जातं. शंभर झाडांचा घेर फितीने मोजायला दोन माणसांना एक दिवस पुरतो. तो एक दिवस न देता एवढा सौदा करणं मला पटत नाही.

तुमचा तिसरा प्रश्न सर्वात कठीण: करावं का. पोट त्यावर असणाऱ्या माणसाला ‘तोडू नका’ असं पुण्यात बसून सांगणं सोपं असतं, ते मी करणार नाही. घाटावरच्या लोकांनी दहा-बारा वर्षांच्या फेऱ्याने झाडी उतरवून कोळसा आणि सरपण विकलं, त्यावर मुलींची लग्नं केली, पोरं शिकवली. ती तोड कुऱ्हाडीची होती. खुंट राहायचे, पावसाळ्यात फुटवे यायचे, त्यांतले दोन-तीन जोमदार राखून बाकीचे काढले की रान पुन्हा उभं राहायचं. आता जेसीबी येतो, रस्ता काढताना खुंटासकट उपटतो आणि फुटवा यायला मुळंच राहत नाहीत. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एक प्रकरण मंजुरीसाठी वर पाठवलं होतं. कागद चोख, मोजणी चोख, सगळं नियमात. दोन पावसाळ्यांनंतर तिथे गेलो तर खालच्या तीन खाचरांत वीतभर माती-गोटे आले होते आणि ज्या झऱ्यावर वाडीच्या बायका मे महिन्यापर्यंत पाणी भरायच्या तो फेब्रुवारीत आटला होता. कायद्याने माझी चूक नव्हती. पण त्या बायका मला ओळखत होत्या. त्यांतली एक फक्त एवढंच म्हणाली, ‘साहेब, वरची झाडं होती तवा पाणी होतं.’ त्यानंतर तीव्र उतार आणि पाण्याच्या उगमाभोवतीच्या झाडांबाबत माझा अभिप्राय नेहमी स्पष्ट असायचा.

माळीणही या जिल्ह्यातच आहे. ३० जुलै २०१४ ला तिथे दीडशेहून अधिक माणसं दरडीखाली गेली. त्या दरडीचं खापर मी एकट्या झाडतोडीवर फोडणार नाही. तो पाऊस, तो उतार, ती माती, सगळंच त्यात होतं. पण साडेअकरा एकर उतारावरची मुळं एका हंगामात काढताना खाली कुणाची घरं आहेत, हे तरी आधी पाहायला हवं.

मध्यम वाट आहे. वाळलेली, वाकलेली, एकमेकांना दाबणारी झाडं निवडून काढा. ओहोळाच्या दोन्ही बाजू आणि चढाचा भाग पूर्ण सोडा. देवराईला लागून काही असेल तर तिथे बोटही लावू नका. आंबा, जांभूळ, हिरडा आणि बेहड्याचे मोठे वृक्ष राखा. बेहड्याचं तर मी आग्रहाने सांगेन. पुण्यातली ‘ॲप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन’ ही १९९४ साली सुरू झालेली संस्था खाजगी जंगलांवर काम करते. रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वरकडे तिने जमीनमालकांशी जंगल राखायचे करार केले आणि त्याचा मोबदला दिला. बेहडा-हिरड्याच्या फळांना ‘फेअरवाइल्ड’, म्हणजे रानमाल झाडाला धक्का न लावता आणि संकलकांना योग्य मोबदला देऊन गोळा केल्याचं प्रमाणपत्र मिळवून ती औषधी बाजारात चांगल्या दराने विकायची घडी बसवली, त्यात भीमाशंकरकडचे महादेव कोळी संकलकही आहेत. बेहड्याच्या जुन्या ढोलीत मोठा धनेश घरटं करतो, म्हणून त्या करारांत ही झाडं आधी राखली गेली. व्यापारी तुमचा बेहडा खोक्याच्या फळ्यांसाठी नेईल. तोच बेहडा उभा राहिला तर दरवर्षी फळ देईल. याने लाखोंची रक्कम एकदम येत नाही हे खरं, आणि चुलतभावाला आज पैशांची नड असेल तर त्याला हे ऐकवणं अवघड आहे, हेही मला कळतं. नड असेल तर त्याच्याशी उघड बोला. निवडक तोडीतूनही, मोजून विकलं तर, त्याच्या हिश्शाचं बरंच निघू शकतं.

आता ग्रामपंचायतीकडे परत येतो. तिच्या दाखल्याला परवानगीची किंमत नाही म्हणून तिला बाजूला सारू नका. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैविक विविधता कायद्याखाली जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिची लोकजैवविविधता नोंदवही असते. समिती तोडीचा परवाना देऊ शकत नाही. पण गावातली जुनी झाडं, झरे, देवराया त्या वहीत लिहिलेल्या असतील, तर तपासणीला येणाऱ्या वनपालासमोर ते कागदावरचं वास्तव असतं. बऱ्याच गावांत ती वही कपाटात पडून आहे. तुम्ही मालक आहात. तुम्हीच ग्रामसभेत अर्ज देऊन सांगा की आमच्या गटात अमुक झाडं काढायची आहेत, ही यादी, हा नकाशा, कुणाची हरकत असेल तर सांगा. शहरात झाडावर जी नोटीस लागते ती तुमच्या गावात कायद्याने लागत नाही, पण चावडीवरच्या फलकावर यादी लावायला तुम्हाला कोण अडवतं? मी सांगितल्यावरून दोन कुटुंबांनी असं केलं. एका ठिकाणी खालच्या वाडीतल्या लोकांनी झऱ्यावरच्या नऊ झाडांचा आक्षेप घेतला, मालकाने ती सोडली, आणि पुढे तोड चालू असताना व्यापाऱ्याची माणसं हद्दीपलीकडे सरकली तेव्हा त्याच वाडीतल्या पोरांनी मालकाला फोन करून कळवलं. मालक पुण्यातच राहत होता.

तर ताई, या आठवड्यात एवढंच करा. चुलतभावाला सांगा की इसार घ्यायचा नाही, आणि घेतला असेल तर परत करायचा. फेरफार काढायला अर्ज टाका. सासर-माहेरच्या जुन्या पेट्यांत १९७५ ते १९८० च्या काळातला जिल्हाधिकारी कार्यालयाचा किंवा तहसीलचा एखादा आदेश आहे का ते बघा. ‘२२-अ’ लिहिलेला कागद सापडला तर त्याची झेरॉक्स काढून मूळ प्रत जपून ठेवा. ‘इतर हक्क’ रकान्याचा मजकूर जसा आहे तसा, खाडाखोडीसकट, इथे लिहून पाठवा. त्यावर पुढचं सांगतो. मोजणीचा अर्ज मात्र त्याची वाट न पाहता भरून टाका. पावसाळा लागला की घाटात मोजणी थांबते आणि मग दिवाळीपर्यंत काही हलत नाही.